मोहम्मद आमीर: जेवढा गाजला तेवढा झाला का?

(क्रिकेटवेड्यांची चर्चा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं नाव किंवा टोपणनाव आहे.)

बांदोडेकर

नमस्कार मंडळी. चवथ झाली, पाऊस ओसरला की मॅटिंग घालून नेट्स सुरू होतील. यंदा आमच्याकडे सोळा-सतरा वर्षांची तीन डावखुरी पोरं वेगवान गोलंदाजी करणार आहेत आणि तिघांच्याही मोबाईलवर एकच क्लिप आहे. १८ जून २०१७, ओव्हल, चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, पाकिस्तानच्या डावखुऱ्या मोहम्मद आमीरचं पहिलं षटक, तिसऱ्या चेंडूवर रोहित पायचीत शून्य.

आता वाद असा पडलाय की पोरांसमोर हा माणूस ठेवावा का. एक गट म्हणतो, फायनलमध्ये भारताचे पहिले तीन फलंदाज काढणाऱ्याला आणखी काय सिद्ध करायचं राहिलं? दुसरा गट म्हणतो, २०१० साली ज्याला पुढचा वसीम अक्रम म्हणत होते, तो ३६ कसोटी खेळून सत्ताविसाव्या वर्षी लाल चेंडू ठेवून गेला. हे अपयशच, दुसरं काय?

२०१० साली लॉर्ड्सवर मुद्दाम नोबॉल टाकले, त्या फिक्सिंगचा निवाडा लागला, पाच वर्षांची बंदी आणि शिक्षा झाली, ती भोगून झाली. त्यावर इथे पुन्हा खल नको. मला गोलंदाजीपुरतं उत्तर हवंय. त्याच्यात जे होतं ते सगळं बाहेर आलं का? आणि पोरांना नेमका कुठला आमीर दाखवायचा, २०१० चा की २०१७ चा?

आकडे आधी

कारकिर्दीची सरासरी बघून काही कळणार नाही. बंदीच्या रेषेवर तिचे दोन तुकडे करा.

बंदीआधी १४ कसोटी, ५१ बळी, सरासरी २९.०९. परतल्यानंतर २२ कसोटी, ६८ बळी, सरासरी ३१ च्या वर. एकूण ३६ कसोटीत ११९ बळी, सरासरी ३०.४७. वरवर बघता दोन्ही तुकडे सारखेच दिसतात, आणि बरेच जण इथेच फसतात. कारण पहिला तुकडा सतराव्या-अठराव्या वर्षाचा आहे आणि दुसरा चोवीस ते सव्वीसचा. वेगवान गोलंदाज या दोन वयांच्या मध्ये सुधारतो. खांदे भरतात, लेंथ पक्की होते, कुठल्या फलंदाजाला काय टाकायचं ते कळायला लागतं. आमीर जिथे थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला, उलट एक पाऊल मागून.

डावात पाच बळी त्याने चार वेळा घेतले. मेलबर्नला ७९ धावांत ५ बळी, त्या वेळी वय सतरा. ओव्हलला ५२ धावांत ५. लॉर्ड्सला ८४ धावांत ६. हे तिन्ही बंदीआधीचे, १४ कसोटींतले. नंतरच्या २२ कसोटींत असा डाव एकच, २०१७ सालचा किंग्स्टनचा, ४४ धावांत ६ बळींचा. तोच त्याचा सर्वोत्तम, हेही खरं. म्हणजे हात गेला नव्हता, पण तो हात रोज दिसत नव्हता.

वनडेतही चित्र तसंच. एकूण ६१ सामने, ८१ बळी, सरासरी २९.६२. त्यातल्या बंदीआधीच्या १५ सामन्यांत २५ बळी होते. फायनल गाजवून पुढच्याच वर्षी, २०१८ च्या आशिया चषकात, तीन सामन्यांत एकही बळी नाही म्हणून संघाबाहेर. मग २०१९ च्या विश्वचषकात १७ बळी, टाँटनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३० धावांत ५ बळी.

माझा निकाल: हा चांगला गोलंदाज झाला. २०१० च्या उन्हाळ्याने ज्याचं वचन दिलं होतं, तो झाला नाही.

म्हापशाचा डावखुरा

आकडे बरोबर आहेत, पण पोरांना आकडे शिकवता येत नाहीत. त्याच्या हातात नेमकं काय होतं ते आधी बघू, म्हणजे काय हरवलं तेही कळेल.

डावखुरा गोलंदाज ओव्हर द विकेट (टाकणारा हात स्टंपांच्या बाजूला ठेवून) आला की उजव्या हाताच्या फलंदाजासाठी चेंडू मुळात लेगकडून ऑफकडे तिरका जातो. फलंदाजाची नजर त्या तिरकेपणाला सरावते. पुढचा पाय त्याच रेषेत पडतो आणि बॅट ऑफ स्टंपच्या बाहेर जाते. आमीरचा मुख्य चेंडू या तिरकेपणाच्या उलटा वळायचा. निघायचा ऑफ स्टंपच्या बाहेर जायला आणि शेवटच्या दीड-दोन मीटरमध्ये आत यायचा. पायचीतला तो अगदी योग्य, कारण टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडत नाही आणि वळून तो स्टंपांवरच येतो.

पकड साधी आहे. तर्जनी आणि मधलं बोट सीमच्या, म्हणजे चेंडूच्या शिवणीच्या, दोन बाजूंना, अंगठा खाली सीमवर. सीमचं तोंड लेग स्लिपकडे, सरळ रेषेपासून पंधरा-वीस अंश, त्याहून जास्त नाही. चकाकती बाजू ऑफकडे, खरबरीत बाजू लेगकडे. मनगट चेंडूच्या मागे ताठ. सोडताना बोटं चेंडूवरून सरळ खाली येतात आणि चेंडूला उलटी फिरकी मिळते, म्हणून सीम हवेत डगमगत नाही. आमीरच्या संथ चित्रफितीत सीमची शिलाई बघा. एखादी पट्टी रंगवून ठेवल्यासारखी ती दिसते, टप्प्यापर्यंत हलत नाही.

हे करणारे पुष्कळ असतात. सतराव्या-अठराव्या वर्षी हे त्या वेगाने, इतक्या पुढच्या टप्प्यावर आणि षटकानुषटकं करणारा दुसरा नव्हता. २७ ऑगस्ट २०१० ची लॉर्ड्सवरची सकाळ घ्या. इंग्लंड १ बाद ३९ वरून ५ बाद ४७. कुक गेला, आणि पीटरसन, कॉलिंगवूड, मॉर्गन तिघेही शून्यावर. इंग्लंडमध्ये वापरतात तो ड्यूक्स चेंडू, ढगाळ हवा हे सगळं होतंच. पण तसलं वातावरण तिथे सगळ्यांनाच मिळतं, तो टप्पा मात्र सगळ्यांना सापडत नाही.

परतल्यानंतर पहिली दोन-तीन षटकं हा चेंडू होता. फरक पडला तो त्यानंतरच्या षटकांत. लाल चेंडू पंधरा-वीस षटकं जुना झाला की तो बाहेर जाणारा तिरका चेंडू आणि कटर (बोटांनी कापून टाकलेला चेंडू) यांवर जास्त विसंबू लागला. २०१० मध्ये जुन्या चेंडूवरही वेग उतरत नव्हता. नंतर दिवसाच्या तिसऱ्या सत्रात तो उतरलेला स्पष्ट दिसायचा. पाच वर्षांत जिममधून अंग तयार करता येतं, पण सामन्यात दिवसाला वीस षटकं टाकून जे अंग घडतं ते जिममध्ये घडत नाही. आणि बंदी म्हणजे फक्त पाकिस्तानकडून खेळण्याची बंदी नव्हे. मान्यताप्राप्त क्रिकेट कुठलंच नाही, अगदी क्लबचा सामनासुद्धा नाही. बंदी सप्टेंबर २०१५ ला संपली, त्याच्या काही महिने आधी देशांतर्गत सामन्यांची मुभा मिळाली, तेवढीच काय ती तयारी.

पर्वरी एंड

वरच्या दोघांशी माझं पटत नाही. चिडून लिहीत नाही, पण हा हिशेब एकांगी आहे.

आधी झेलांचं बघा. पुनरागमनाची पहिलीच कसोटी, जुलै २०१६, लॉर्ड्स. त्याच्या गोलंदाजीवर कुकचे झेल सुटले. शेवटी ८१ वर त्याला आमीरनेच त्रिफळाचीत केलं. सुटलेला झेल गोलंदाजाच्या सरासरीत धावा बनून राहतो. त्या आणि पुढच्या मालिकांत त्याच्या गोलंदाजीवर सुटलेले झेल ज्यांनी मोजलेत, ते ३१ च्या सरासरीला इतक्या सहज नावं ठेवणार नाहीत. त्याच सामन्यात शेवटचा बळीही त्याचाच होता, ज्या मैदानावर नोबॉल टाकले त्याच मैदानावर.

दुसरं, खेळपट्ट्या. त्या काळात पाकिस्तानच्या घरच्या कसोटी दुबई, अबुधाबी, शारजाला व्हायच्या. दुपारी चेंडू गुडघ्याच्या वर यायला तयार नाही, आणि संघाची रचना फिरकीभोवती. नवा चेंडू हे ज्याचं मुख्य हत्यार, त्याला त्या पाट्यावर दिवसाला सहा-सात षटकांपुरतंच काम.

तिसरा मुद्दा कोणी काढतच नाही. तो बाहेर असताना, ऑक्टोबर २०११ पासून, वनडेत दोन्ही टोकांकडून दोन नवे चेंडू आले. म्हणजे डावाच्या शेवटी प्रत्येक चेंडू फार तर पंचवीस षटकं जुना. रिव्हर्स स्विंगला (जुना चेंडू नेहमीच्या उलट बाजूला वळवायला) चेंडू रापावा लागतो, आणि तो रापेपर्यंत डाव आटोपायचा. पाकिस्तानी डावखुऱ्याची अर्धी विद्या जुन्या चेंडूची. ती वनडेतून त्याच्या गैरहजेरीत काढून घेतली गेली. २०१० च्या आमीरला २०१६ च्या नियमांत आणून मोजता, हे कसं चालेल?

आणि मोठ्या दिवशी काय केलं ते बघा. २७ फेब्रुवारी २०१६, मीरपूर, आशिया चषक. पाकिस्तान ८३ वर बाद. एवढ्या धावांवर कुणी लढत नाही. याने पहिल्या चार चेंडूंत रोहित आणि रहाणे पायचीत केले, मग रैना, आणि भारत ३ बाद ८. कोहलीने ४९ केले म्हणून आपण सुटलो. आमीर ४ षटकांत १८ धावा, ३ बळी. ओव्हलला ६ षटकांत १६ धावा, ३ बळी. सर्वोत्तम फलंदाजांविरुद्ध सर्वात मोठ्या सामन्यात ज्याचा हात चालतो, त्याने क्षमता पुरी केली नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

सत्तरीकर

पर्वरी एंडबाब, तुमचे मुद्दे मोलाचे आहेत. पण ‘वाया गेला’ म्हणजे काय ते ठरवायला मोजपट्टी हवी, आणि ती पाकिस्तानातच सापडते.

मोहम्मद सामी आठवतो? २००१ साली ऑकलंडला पदार्पणात सामन्यात आठ बळी, दुसऱ्या डावात ३६ धावांत ५. तिसऱ्याच कसोटीत, लाहोरला श्रीलंकेविरुद्ध, हॅट्‌ट्रिक. वेग जबरदस्त, धाव सुरेख. आणि शेवट? ३६ कसोटी, ८५ बळी, सरासरी ५२.७४. आमीर आणि सामी दोघेही बरोबर ३६ कसोटी खेळले, म्हणून ही तुलना नीट बसते. सामीला पाच वर्षांची बंदी नव्हती, संधीही कमी नव्हती. वेग होता, पण चेंडू सरळ यायचा आणि टप्पा ठरलेला नसायचा. पाच चेंडू चांगले टाकून सहाव्यावर चौकार. २००४ च्या आशिया चषकात बांगलादेशविरुद्धचं त्याचं एक षटक १७ चेंडूंचं झालं, सात वाइड आणि चार नोबॉल धरून. क्षमता पुरी न होणं म्हणतात ते हे.

दुसरा मोहम्मद झाहीद. १९९६ मध्ये रावळपिंडीला न्यूझीलंडविरुद्ध पदार्पणात ११ बळी, एका डावात ६६ धावांत ७. मग पाठ गेली. एकूण पाच कसोटी. त्याच्याबाबतीत ‘पुरी केली का’ हा प्रश्न विचारणंच अन्यायाचं.

आमीर या दोघांच्या मध्ये येतो. सामीसारखं कसब अपुरं नव्हतं, झाहीदसारखं शरीरानेही दगा दिला नव्हता. त्याची वर्षं गेली. एकोणीस ते तेवीस. आणि पुढचा एक निर्णय त्याने स्वतः घेतला, तोच मला सर्वात जास्त सलतो. जुलै २०१९ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, कसोटी सोडली. अक्रमने १०४ कसोटींत ४१४ बळी घेतले, ते लांब स्पेल टाकत टाकत. पांढऱ्या चेंडूची चार-दहा षटकं टाकून लांब स्पेलचा गोलंदाज घडत नाही. अर्धवट राहिलेलं शिक्षण चोविसाव्या वर्षी पुरं करायची जागा कसोटीच होती, आणि तिथूनच तो उठला.

त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं, २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी परतला. न्यूयॉर्कला भारताविरुद्ध २३ धावांत २ बळी, म्हणजे नव्या काळातही हात होता. पण डॅलसला अमेरिकेविरुद्धच्या सुपर ओव्हरमध्ये १८ धावा गेल्या, त्यात वाइड चेंडूंवर पळून काढलेल्याही धावा. यॉर्कर टाकायला जाऊन रेषा सुटत होती. त्या वर्षाअखेर पुन्हा निवृत्ती.

बांदोडेकर

देव बरे करो, मंडळी. चित्र बरंच स्पष्ट झालं. आता म्हापशाच्या बाबांना एक अडचण विचारतो. क्लिप बघून पोरं तो आत येणारा चेंडू टाकायला जातात आणि दहातले सात लेग स्टंपच्या बाहेर जातात. जे वळतात ते पॅडला लागतात, पण अंपायर म्हणतात वरून जातोय. पकड तुम्ही सांगितली तशीच आहे, मी तपासली. चुकतं कुठे?

म्हापशाचा डावखुरा

दोन वेगळ्या चुका आहेत, एकत्र धरू नका.

लेगला जाणारा चेंडू. पोरं आत आणायचा म्हणून सोडतानाच आत ढकलतात, म्हणजे सुरुवातीची रेषाच मधल्या स्टंपची असते. मग तो वळो न वळो, लेगलाच जाणार. रेषा पाचव्या स्टंपची हवी, ऑफ स्टंपच्या एक वीत बाहेर, आणि वळवायचं काम सीमचं. दुसरं कारण पुढच्या पायात. डावखुऱ्याचा उजवा पाय ऑफकडे आडवा पडला की कंबर अडते. मग हात अंगावरून ओढला जातो, मनगट चेंडूच्या बाजूला येतं आणि सीम लोळते. क्रीझवर चुन्याची उभी रेघ मारा, मागचा पाय पडतो तिथून थेट फलंदाजाकडे. उजवा पाय त्या रेघेवर पडला पाहिजे, पलीकडे नाही. मोबाईल नॉनस्ट्रायकरच्या मागे उभा ठेवून संथ गतीने चित्रित करा, पायही दिसतो आणि सीमही. अर्धा लाल, अर्धा पांढरा सरावाचा चेंडू मिळाला तर उत्तम. सीम लोळली की दोन रंग मिसळून गुलाबी दिसतात, पोराला समजवावं लागत नाही.

वरून जाणारा चेंडू हा मॅटिंगचा प्रश्न आहे. स्टंपची उंची ७१ सेंटीमीटर. टर्फवर स्टंपांपासून पाच-साडेपाच मीटरवर पडलेला चेंडू पायचीत देतो. मॅटवर तोच टप्पा कमरेपर्यंत उसळतो. मॅटवर खूण चार मीटरच्या आसपास ठेवा. पोरं घाबरतील, कारण तिथे चुकलं की हाफव्हॉली आणि सरळ ड्राइव्ह. खाऊ द्या चौकार. आमीरच्या लॉर्ड्सच्या स्पेलमध्ये तेच बघायचंय, तो मारू देण्याइतका पुढे टाकत होता. दिवसाला चोवीस चेंडू एवढाच हा सराव, बारा-बारा करून. त्यापुढे मनगट थकतं आणि चुकीची सवय लागते.

आपल्या इथल्या दोन गोष्टी. बाहेरचं मैदान चिऱ्यांचं, मुरमाड. थ्रो टप्पा पाडून आला की दहा षटकांत चेंडू दोन्ही बाजूंनी सारखाच ओरबाडला जातो आणि वळायचा बंद होतो. क्षेत्ररक्षकांनी थ्रो थेट कीपरच्या हातात द्यायचा. घाम आपल्याकडे हवा तेवढा येतो, पण तो चकाकत्या बाजूलाच लावायचा, दुसरी बाजू कोरडी ठेवायची. थुंकी लावायला आता मनाई आहे. आणि वारा. दुपारनंतर खारा वारा पश्चिमेकडून येतो. खेळपट्टी उत्तर-दक्षिण असेल तर डावखुऱ्याला दक्षिणेकडच्या टोकाकडून नवा चेंडू द्या. वारा त्याच्या डाव्या बाजूने येईल आणि चेंडूला आतच ढकलेल. सकाळच्या मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या) वाऱ्यात टोक बदला.

कुठला आमीर दाखवायचा, तर दोन्ही, पण क्रमाने. आधी २०१० चं लॉर्ड्स, टप्प्यासाठी. ते जमेपर्यंत ओव्हलची क्लिप बंद. नंतर ओव्हल, पण रोहितच्या बळीवर थांबू नका, कोहलीचा बघा. आधी स्लिपमध्ये अझर अलीने झेल सोडला. पुढच्याच चेंडूवर कोहली लेगकडे वळवायला गेला, चेंडू तिरकाच राहिला, बॅटची पुढची कड लागून पॉइंटला शादाबच्या हातात. आत येणाऱ्या चेंडूची भीती आधीच बसली होती, म्हणून न वळलेल्या चेंडूने बळी घेतला. पोरांकडून हा न वळणारा चेंडूही त्याच ॲक्शनने टाकून घ्या, फक्त सीम सरळ धरून.

पर्वरी एंड

टप्प्याबद्दल पटलं. माझं एवढंच म्हणणं की किंग्स्टनचा ४४ धावांत ६ बळींचा डाव पण दाखवा. तो पंचवीस वर्षांचा, परतलेला आमीर आहे, लाल चेंडूवर. नाहीतर पोरांना वाटेल की सगळं अठराव्या वर्षीच संपतं.

आकडे आधी

मान्य. तो डाव मीही दाखवीन.

बांदोडेकर

ठरलं. लॉर्ड्स, किंग्स्टन, मग ओव्हल. चुन्याची रेघ पहिल्या दिवसापासून. आमची खेळपट्टी उत्तर-दक्षिणच आहे, देवळाकडचं टोक दक्षिणेला येतं. मॅट अंथरली की चार मीटरवर पांढरी पट्टी शिवून घेतो.